हंगामी बाजारासाठी सुट्या भागांचे स्टॉल: सुरुवात गोदामाच्या दारापासून करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्षातले तीन महिने मोकळ्या मैदानावर बाजार भरतो, त्यासाठी २४ किऑस्क करायची आहेत, प्रत्येक साधारण २.४ बाय २.४ मीटर. हंगाम संपला की सगळी खोलून ठेवायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभी करायची. काही विक्रेत्यांना एक पुरेल, काहींना दोन जोडून हवीत. विचारणाऱ्यांना तीन गोष्टी ठरवायच्या आहेत: लोखंड, अ‍ॅल्युमिनियम की लाकूड; घडीची करावीत की पॅनेलं जोडून; आणि 'मॉड्युलर' (सारखे सुटे भाग हवे तसे जोडता येणारं) म्हणताना नेमकं काय काय बदलता यायला हवं. (किऑस्क म्हणा, स्टॉल म्हणा. कारखान्यात आम्ही स्टॉलच म्हणतो, म्हणून पुढे तोच शब्द वापरतो.)

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्या आधी एक प्रश्न येतो आणि तो सहसा कोणी विचारत नाही: बाजार नसतो तेव्हा हे २४ स्टॉल कुठे असतील? तीन महिने उभे म्हणजे नऊ महिने आडवे. शिवाय विक्री चालू असताना स्टॉलला फारसा मार बसत नाही. तो बसतो ट्रकवर चढवताना, उतरवताना, जोडताना आणि खोलताना. कोपरे तेव्हा चेपतात, बिजागऱ्या तेव्हा वाकतात, बोल्ट तेव्हाच हरवतात. आपण चित्र काढतो ते मात्र उभ्या स्टॉलचं, वर रंगीत छप्पर आणि समोर गिऱ्हाईक. माझे पहिले काही संच मीही असल्याच चित्रापासून सुरू केले होते. आता माझ्या कागदावर पहिली आकृती असते ती गोदामाच्या दाराची.

काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधीच सांगून टाकतो. जमीन कच्ची आहे की फरसबंद, हंगामात पाऊस येतो का, वारा किती, उभारणी दरवर्षी तीच माणसं करणार की दर वेळी नवी, माल ठेवणार तो स्वतःच्या शेडमध्ये की कंटेनरमध्ये. यातलं एक बदललं तरी उत्तराचा एखादा तुकडा बदलतो. खाली दिलेले आकडे विचार करायला पुरेसे आहेत. पण वाऱ्याचा आणि मजबुतीचा शेवटचा हिशेब तुमच्याकडच्या नियमांप्रमाणे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्याच. त्या छपराखाली माणसं उभी राहणार आहेत.

आता मापाकडे येऊ. २.४ मीटर हा आकडा कुठून आला ते ओळखू येतं: आठ बाय चारचा प्लाय. शीट १.२२ बाय २.४४ मीटरची असते, दोन शीट शेजारी उभ्या केल्या की भिंत झाली आणि कापायला जवळपास काही नाही. दुकानात उभं राहून विचार केला तर हेच बरोबर वाटतं. पण समजा साठवण २० फुटी कंटेनरमध्ये करायची आहे. त्याची आतली लांबी साधारण ५.९ मीटर, रुंदी २.३५. दार त्याहून थोडं लहान: २.३४ रुंद, २.२८ उंच. आपलं पॅनेल १.२ बाय २.४ मीटरचं, ५ सेंटिमीटर जाड, आणि १२ थर मिळून एक स्टॉल. आडवे रचले की ६० सेंटिमीटरची चळत, खाली पॅलेट धरून ७०. कंटेनरच्या लांबीत अशा दोन चळती बसतात, उंचीत तीन. आणि रुंदीत? १.२ दुणे २.४, दार २.३४. म्हणजे एकच. पॅनेलं कडेवर उभी करून पाहिली तरी दोन मजले होत नाहीत, कारण तिथेही २.४ विरुद्ध २.२८. सहा स्टॉल मावतात आणि बाजूला मीटरभराहून मोठी पोकळी राहते. तिच्यात मग खुर्च्या, वायरी आणि कुणाच्या मालकीच्या ते न आठवणाऱ्या वस्तू जमतात.

आता पॅनेल १.२ ऐवजी १.१५ करा. दोन शेजारी २.३०, दारात चार सेंटिमीटर मोकळीक. सहाचे बारा झाले. तुमच्या २४ स्टॉलना चार कंटेनरऐवजी दोन पुरतात आणि लांबीत मागे जो मीटरभर उरतो त्यात वजनाचे ठोकळे आणि केबल. त्यासाठी प्लायच्या शीटची ७ सेंटिमीटरची पट्टी कापून काढावी लागली, रुंदीच्या सहा टक्क्यांहून कमी. स्टॉल २.४ चा २.३ झाला, हे विक्रेत्याच्या लक्षातही येत नाही. फक्त पॅलेट पॅनेलपेक्षा बोटभरही रुंद करू नका, नाहीतर हा सगळा हिशेब दारातच अडकतो. तुमचं गोदाम वेगळं असेल तर आकडे वेगळे येतील, रीत मात्र हीच: आधी दार, मग ट्रकचा हौदा, मग पॅनेल, आणि त्यातून जे निघेल ते स्टॉलचं माप.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. एका संचात सांधे कमी व्हावेत म्हणून मी मागची भिंत एकसंध केली होती, २.४ बाय २.४ ची एकच चौकट. जोडायला झकास, पाच मिनिटांत भिंत उभी. हंगाम संपला आणि माल कंटेनरपाशी नेला तेव्हा कळलं की ती सरळ आत जात नाही. तिरकी करून एक गेली. एकूण २२ होत्या. बाकीच्या बाहेर ताडपत्रीखाली राहिल्या, ताडपत्रीच्या खोलगट भागात पाणी साचलं, आणि पुढच्या वर्षी निम्म्या भिंतींच्या कडेला प्लाय फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते. दोष प्लायचा नव्हता.

माप कशावरून घ्यायचं हा या धंद्यातला जुनाच प्रश्न आहे. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टनने क्रिस्टल पॅलेस उभारला तेव्हा त्याने इमारतीचं गणित बांधलं ते काचेच्या तावदानावर, ४९ इंच लांब आणि १० इंच रुंद. खांबांची अंतरंसुद्धा त्याच गणिताच्या पटीत. एवढी अवाढव्य इमारत नंतर खोलून सिडनहॅमला नेऊन पुन्हा उभारता आली, कारण तिचे भाग मोजक्याच प्रकारचे होते आणि तेच ते पुन्हा पुन्हा वापरलेले होते. त्याची अडचण काच होती, तुमची अडचण दार आहे.

इथेच 'मॉड्युलर म्हणजे काय' याकडे वळतो. ल्युब्लियानाचा वास्तुविशारद साशा मेख्टिग याने १९६६ मध्ये के-६७ नावाचं किऑस्क डिझाइन केलं. फायबरग्लासचे घुमटदार कोपऱ्यांचे डबे, एकमेकांना जोडून हवे तेवढे वाढवता येणारे. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात ते आहे, आणि दिसायला आजही देखणं. मॉड्युलर म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर तेच येतं. पण तो डबा एकदा नाक्यावर ठेवला की वर्षानुवर्षं तिथेच राहायचा. तुमचा स्टॉल दरवर्षी दोनदा प्रवास करणार. आख्खा डबा हलवायचा म्हणजे मुख्यतः हवा वाहून न्यायची: उभ्या स्टॉलचं आकारमान १२-१३ घनमीटर, रचलेल्या पॅनेलांचं दोनसुद्धा नाही. त्यामुळे तुमचं मॉड्यूल पॅनेल असायला हवं, खोली नव्हे.

आणि पॅनेलांचे प्रकार कमी ठेवा. प्रत्येक 'हेही बदलता आलं तर बरं' याच्यामागे एक नवा भाग जन्माला येतो, त्याचा वेगळा सुटा साठा लागतो आणि उभारणीच्या दिवशी नेमका तोच सापडत नाही. माझ्या संचात पाच प्रकार असतात: भिंत, जमीन (म्हणजे स्टॉलचा तळ), छप्पर, काउंटर, झडप. मागे दोन भिंती, दोन्ही बाजूंना दोन दोन, जमीन दोन, छप्पर दोन, झाले दहा. समोर खाली काउंटरचं पॅनेल ९५ सेंटिमीटरचं आणि वर उघडणारी झडप १.४ मीटरची. दोन्हींची लांबी मिळून एका भिंतीएवढी होते, म्हणून रचताना ती एकाच थरात झोपतात. दोन्ही अर्धांचे मिळून असे दोन थर. पाचांखेरीज एक तुकडा आहे, पण तो फार उपयोगाचा: समोरच्या बाजूला वर २० सेंटिमीटर उंचीची शिरपट्टी. ती छपराला मागच्या बाजूला पाच अंशांचा उतार देते, उघड्या दर्शनी भागाला ताठ ठेवते आणि तिच्यावरच विक्रेत्याची पाटी लागते. बाजूला छपराखाली जी त्रिकोणी फट राहते ती बुजवू नका, जाळी लावा. दुपारी आत उभं राहणारा माणूस तुम्हाला दुवा देईल.

विक्रेत्यांच्या गरजा वेगवेगळ्या असतातच, त्या आतल्या सरंजामाने भागवा. भिंतीच्या आतल्या बाजूला दोन उभ्या भोकांच्या पट्ट्या कायमच्या बसवल्या की त्यात फळ्या, हूक, टांगायचा दांडा, जाळी जे हवं ते अडकवता येतं. बाहेरचं कवच २४ स्टॉलना एकच. काउंटरची उंची उभ्याने व्यवहार करायला ९० सेंटिमीटर ठीक पडते. पण दोनपैकी एक काउंटर ७५ ते ८० वर बसवता येईल अशी जास्तीची भोकं ठेवा, म्हणजे चाकाच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकालाही समोरासमोर बोलता येतं. त्या खुर्चीला वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते, तीही स्टॉलच्या मांडणीत धरा.

सांध्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. बाकी सगळं उत्तम असून सांधा वाईट असेल तर स्टॉल दोन हंगामांत भंगारात जातो. नियम एकच: सगळ्या स्टॉलमध्ये एकाच मापाचा बोल्ट. माझा एम-१० असतो, म्हणजे १० मिलिमीटर जाडीचा, १७ नंबरचा पाना. छपराला ८ चा, भिंतीला १० चा, काउंटरला स्क्रू असं केलं की संध्याकाळी अंधार पडता पडता माणसं हाताला येईल तो बोल्ट ठोकून बसवतात. नट सुटा ठेवू नका, पाइपला आतून वेल्ड करून टाका. बोल्टही शक्यतो पॅनेललाच अडकून राहील असा. हाताने पिळायचे फुलपाखरी नट मोहक वाटतात. माणसं ते पुरेसे आवळत नाहीत आणि रोजच्या थरथरीने ते सैल होतात. मी सोडून दिले.

भोकांबद्दल एक बारकावा. दोन पॅनेलांत समोरासमोर ११ मिलिमीटरची गोल भोकं पाडली तर कागदावर १० चा बोल्ट आरामात जातो. मैदानावर जात नाही, कारण जमीन कुठेतरी अर्धा सेंटिमीटर खाली असते. एका बाजूचं भोक गोल ठेवा आणि दुसऱ्या बाजूचं लांबट, ११ बाय २० चं. आणि प्रत्येक सांध्यात खालच्या बोल्टाच्या जागी शंकूच्या टोकाची एक पिन द्या. पॅनेल त्या पिनेवर टेकवलं की ते आपोआप जागेवर सरकतं, एक माणूस ते धरून ठेवतो आणि दुसरा बोल्ट लावतो. ही पिन नसेल तर तिसरा माणूस लागतो, आणि तो तिसरा माणूस बोटं चिरडून घेतो.

सगळी पॅनेलं एकाच जिगवर (भाग ठरल्या जागी धरून ठेवणाऱ्या साच्यावर) वेल्ड करा, एकाच जिगवर भोकं पाडा. तपासायचं कसं? कारखान्यात तीन स्टॉल उभे करा, खोला, पॅनेलं पिसा आणि पुन्हा उभे करा. कुठलीही भिंत कुठल्याही जागी बसली तर माल पास. 'हे सात नंबरच्या स्टॉलचं डावीकडचं' असं रंगाने लिहावं लागलं तर समजा तुम्ही हरलात, कारण मैदानावर तो सात नंबर शोधण्यातच दिवस जाईल. आणि फिटर-सुतारांना एक गोष्ट बजावून ठेवा: झडप लागत नाही म्हणून तिची कड ग्राइंडरने घासायची नाही. झडप अडकते तेव्हा दोष जवळजवळ नेहमी खाली जमिनीत असतो. घासलेली झडप त्या वर्षी त्या स्टॉलवर छान बसते. पुढच्या वर्षी ती कुठल्याच स्टॉलवर बसत नाही.

त्यासाठीच जमिनीच्या पॅनेलांखाली स्क्रूचे पाय हवेत, निदान १५ सेंटिमीटर वरखाली होणारे, खाली तळहाताएवढी प्लेट. मैदानाच्या सगळ्यात उंच कोपऱ्यापासून सुरुवात करा, सुतळी ताणा, पाणसळ लावा, आणि भिंती चढवण्याआधी जमिनीच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. फरक ३ मिलिमीटरच्या आत असेल तर पुढचं सगळं सरळ जातं. दहा मिनिटं इथे घातली की झडपेशी अर्धा तास झुंजावं लागत नाही. उंचावलेल्या जमिनीमुळे प्लायची खालची कडही ओलीपासून सुटते, हा वरचा फायदा.

आता वारा. यावर सविस्तर लिहितो, कारण गंभीर अपघात इथेच होतात. वाऱ्याचा दाब चौरस मीटरला किती न्यूटन, हे साधारण वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणून मिळतं, वेग सेकंदाला मीटरमध्ये धरून. सेकंदाला १० मीटर वाऱ्यात चौरस मीटरला ६० न्यूटन, म्हणजे सहाएक किलो. वारा दुप्पट झाला, सेकंदाला २० मीटर म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, की दाब चौपट: २४ किलो. मागची भिंत साडेपाच चौरस मीटरची, म्हणजे तिच्यावर १३५ किलोचा आडवा रेटा. छप्परही तेवढंच, आणि वारा छपराला दाबत नाही, वर खेचतो. तिथेही साधारण १३५. दोन्ही मिळून स्टॉलला पुढच्या कडेवर उलथवायला पाहतात: भिंतीचा रेटा १.२ मीटर उंचीवर आणि छपराची ओढ १.१५ मीटरवर धरली तर एकूण ३१७ किलो-मीटर (किलो गुणिले मीटर, म्हणजे उलथवणाऱ्या जोराचं माप). विरोधात काय आहे? ३०० किलोचा स्टॉल गुणिले १.१५, म्हणजे ३४५. बंद स्टॉल जेमतेम तग धरतो. झडप उघडी असताना वारा आत शिरला की तो मागच्या भिंतीला आतून आणि छपराला खालून ढकलतो. तेव्हा वरचा आकडा सहज दीडपट होतो, आणि ३०० किलोंचा स्टॉल पालथा पडतो. '३०० किलो आहे, कुठे उडतोय!' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हा हिशेब खिशात घेऊन फिरतो.

म्हणून जेवढं स्टॉलचं वजन, साधारण तेवढंच खाली बांधायचं. ३० बाय ३० बाय २० सेंटिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा ४३ किलो भरतो, कडी ओतली तर दोन माणसं उचलतात. प्रत्येक कोपऱ्यात असे दोन, म्हणजे एकूण ३४५ किलोच्या आसपास. पाण्याचे पिंप चालतात, लिटरला किलो, पण कुणीतरी तोटी उघडतं. कच्च्या जमिनीत खिळे-मेखा उत्तम, मात्र पाऊस पडून माती मऊ झाली की त्यांची पकड जाते, तेव्हा पूर्ण भिस्त त्यांच्यावर नको. ठोकळे जमिनीच्या चौकटीवर बसवून बोल्ट करा. दोरीने टांगलेली वाळूची पोती झोके घेतात आणि पहिल्या झटक्याला काहीच धरत नाहीत. आणखी एक पाहा: ठोकळ्याने जमीन धरली, पण छप्पर भिंतीवर नुसतं ठेवलेलं असेल तर स्टॉल राहील आणि छप्पर जाईल. छपरापासून ठोकळ्यापर्यंत बोल्टांची साखळी कुठेही तुटता कामा नये. मैदानावर साधा वेग मोजायचा पंखा ठेवा आणि झुळूक सेकंदाला १२ मीटरच्या वर गेली की सगळ्या झडपा खाली, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका. उघडी झडप म्हणजे शिडाला बिजागऱ्या लावल्यासारखं आहे.

इतकं झाल्यावर लोखंड की लाकूड याचं उत्तर सोपं होतं. ४० बाय ४० चा, १.६ मिलिमीटर जाडीचा चौकोनी लोखंडी पाइप मीटरला दोन किलोच्या आत असतो. त्याची चौकट, मधे एक आडवी पट्टी, वर ६ मिलिमीटरचा मरीन प्लाय: पॅनेल भरतं २६ किलोच्या आसपास, दोघांना आरामात झेपणारं. जमिनीला जाड प्लाय लागतो, ते थोडं जड. तोच पाइप अ‍ॅल्युमिनियमचा घेतला तर चौकट एक तृतीयांश वजनाची होते, पण ताठपणाही एक तृतीयांशच उरतो, वेल्डिंगला सरावाचा हात लागतो, आणि वाचवलेलं वजन ठोकळ्यांत परत घालावं लागतं. ट्रक मैदानात येत नसेल आणि सगळं हाताने लांबवर न्यायचं असेल तरच मी अ‍ॅल्युमिनियम घेईन. नुसतं लाकूड एक-दोन वर्षं छान. पण स्क्रूचं तेच भोक दर हंगामात पिळलं की ते लाकडात सैल होत जातं. चौकट लोखंडी ठेवा, प्लाय स्क्रूने बसवा, म्हणजे फुटला तर तेवढाच बदलता येतो. प्लायच्या कडा रंगाने नीट बुजवा. पाणी पृष्ठभागातून शिरत नाही, कडेतून शिरतं.

गंजासाठी हॉट-डिप गॅल्वनायझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून थर चढवणं, करायचं तर सगळं वेल्डिंग आणि सगळी भोकं आधी उरकून घ्या. नंतर एक जरी टाका मारला तरी तिथला जस्ताचा थर जळतो. आणि बंद पाइपांना हवा जायला भोकं ठेवलीच पाहिजेत. जस्ताचं पाणी ४५० अंशांचं असतं, आत अडकलेल्या ओलीची वाफ होऊन पाइप फुटू शकतो. पावडर कोटिंग पहिल्या वर्षी फोटोत छान येतं, सांध्यांवर मात्र पहिल्याच खोलणीत टवके उडतात. छपराला पॉलिकार्बोनेट (उजेड आत येऊ देणारी प्लास्टिकची शीट) हवं असेल तर एक लक्षात घ्या: ४० अंशांच्या फरकाने २.४ मीटरची शीट सहा मिलिमीटरहून जास्त वाढते, लोखंड जेमतेम एक. भोकं मोठी ठेवून रुंद रबरी वॉशर लावले नाहीत तर शीट भोकापाशी तडकते.

घडीच्या स्टॉलबद्दल माझं मत साफ आहे. एक-दोन दिवसांच्या विक्रीला घडीचा तंबू उत्तम. तीन महिने उभं राहायचं असेल तर नको. प्रत्येक घडी म्हणजे एक हलता भाग; एक वाकला की आख्खा स्टॉल बाद. कापडी छप्पर असेल तर झोळ पडतो आणि त्यात पाणी साचतं: चौरस मीटरवर १० सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० किलो.

दोन स्टॉल जोडायचे असतील तर मधल्या चार भिंती काढून तिथे एक उघडी चौकट लावा, वरच्या कोपऱ्यांत त्रिकोणी प्लेट वेल्ड केलेली. भिंतीचा प्लायच स्टॉलला तिरका होण्यापासून रोखत असतो. तो काढला की ते काम त्या प्लेटांना करावं लागतं. दोन छपरांच्या सांध्यावर वाकवलेल्या पत्र्याची टोपीपट्टी. उतार मागे असल्याने पाणी सांध्याच्या बाजूने वाहतं, सांध्यावर साचत नाही. दोनाच्या पुढे जोडू नका. प्रत्येक सांध्यात ३ मिलिमीटरची चूक धरली तरी १२ स्टॉलच्या रांगेत ती साडेतीन सेंटिमीटर होते, आणि शेवटचा स्टॉल बसवताना कुणीतरी पुन्हा ग्राइंडर काढतं. जोडीजोडींत हातभर फट ठेवली की हा प्रश्न मिटतो, मागे केबल तपासायला जाता येतं, आणि आगीच्या दृष्टीनेही बरं. जिथे शेगडी पेटणार ते स्टॉल वेगळ्या गटात, आतून पत्रा मारलेले, सिलिंडर बाहेर उघड्यावर.

विजेचं थोडक्यात: प्रत्येक स्टॉलच्या त्याच एका मागच्या कोपऱ्यात पाण्यापासून सुरक्षित सॉकेट, प्रत्येकाला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा गळती रोखणारा ब्रेकर, आणि केबल आत शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर घेतलेली, म्हणजे पाणी तिथेच टपकतं. बाकी काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं.

परत ठेवताना दोन सवयी लावून घ्या. ओलं पॅनेल रचायचं नाही. एक रात्र भिंतीला टेकवून वाळू द्या, आणि थरांमध्ये लाकडी पट्ट्यांचे तुकडे घाला, हवा खेळते. (त्या कापून काढलेल्या ७ सेंटिमीटरच्या पट्ट्या इथेच कामी येतात.) दुसरं, खोलताना मोडकं दिसलं की त्याच क्षणी लाल फीत बांधायची आणि ते पॅनेल चळतीत न घालता दुरुस्तीला बाजूला काढायचं. नऊ महिन्यांनी कोणाला काही आठवत नाही. दर प्रकारची दोन-तीन पॅनेलं जास्तीची करून ठेवा, सांधे सारखे असल्याने ती कुठेही चालतात.

२४ ची ऑर्डर देण्याआधी एक पूर्ण स्टॉल करा, आणि तो तुमच्या हुशार फिटरकडून न जोडता जी माणसं मैदानावर जोडणार आहेत त्यांच्याकडून दहा वेळा जोडून-खोलून घ्या. तुम्ही बाजूला हाताची घडी घालून उभे राहा, बोलू नका. ती जिथे थांबतात, पॅनेल उलटं धरतात, बोल्ट तोंडात धरतात, तिथे डिझाइन चुकलंय. दोन माणसांना पाऊण तास हे मी ध्येय धरतो. दोन जोड्या लावल्या तर तुमचे २४ स्टॉल नऊ तासांत उभे राहतात; हेच तीन तासांवर गेलं तर प्रत्येक जोडीला ३६ तास, म्हणजे चार-साडेचार दिवस. शेवटी त्यावर अर्धा तास नळीने पाणी सोडा आणि आत उभे राहून वर पाहा.

तुमच्या गोदामाच्या दाराची मोकळी रुंदी-उंची, जमीन कशी आहे आणि उभारणीला किती माणसं मिळतील, एवढं कळवा. १.१५ चा आकडा तुमच्यासाठी बरोबर आहे की नाही ते त्यावरून सांगता येईल.